आतल्या बाजूला

मंगळवारी समुद्र निजतो, त्याला कोणी उठवायचं नाही,
म्हणून एल्मिनाच्या वाळूवर मंगळवारीच माझं काम.
होड्या कुशीवर कललेल्या
आणि मी, एबो, मंगळवारचाच जन्म,
करवंटीत निळा रंग कालवत बसलेला.

अक्षरामागे पाच सेडी.
मोशे खूप चालतो. त्यानं समुद्र दुभंगला होता ना,
म्हणून या बंदरात अकरा मोशे आहेत,
भरतीला एकमेकांवर आदळतात.
पेत्र नऊ. नोहा एकच, तोही गळका.
गाडीवाल्यांची तऱ्हा वेगळी, त्यांना शमशोन हवा, दावीद हवा.
एका मिनीबसवर मी एलीया लिहिला,
ज्वाळांसकट, मालकाच्या हट्टानं.
पुढच्याच महिन्यात तिचं इंजिन पेटलं.
माणसं आधीच उतरली होती,
वर कोणी गेलं नाही.
तेव्हापासून ज्वाळांचे पैसे मी आगाऊ घेतो.

ईयोब स्वस्तात पडतो, आमच्या लिपीत तीनच अक्षरं.
आजवर कोणी मागितला नाही.

मग एकुआ मेन्सिमा आली,
मासे धुरवून लाल झालेले डोळे,
कमरेला किल्ल्यांचा जुडगा.
तिची नवी होडी, अख्ख्या वावाच्या खोडातून कोरलेली,
अजून लाकडाचा ओला वास.
म्हणाली, योना लिही.

जाळं शिवणाऱ्या म्हाताऱ्या अटाची सुई थांबली.
बाई, ज्याच्या पायी वादळ उठलं,
ज्याला खलाशांनी उचलून पाण्यात फेकलं,
त्याचं नाव होडीला?
उद्या वल्हं धरायला कोण येईल तुझ्याकडे?

होडीला नाही, ती म्हणाली.
होडी म्हणजे मासा.

त्या माशाला सगळे नावं ठेवतात,
नाव मात्र कोणी दिलं नाही.
तीन दिवस, तीन रात्री,
एक दात लावला नाही त्यानं.
पळपुट्याला पोटात घातलं,
आपण लेकरांचे अपराध घालतो तसं,
आणि कोरड्यावर आणून सोडलं.
याहून जास्त मी लाकडाकडे काय मागू?

मी विचारलं, डाव्या अंगाला लिहू की उजव्या?
बाहेर कोरंच राहू दे, ती म्हणाली.
योना आत होता.
आत लिही, फळीच्या खाली, पोरांचे पाय येतात तिथं.

तीस वर्षांत पहिल्यांदा मी होडीत शिरलो,
पाठीवर आडवा झालो,
रंगाचे थेंब कपाळावर, ओठांवर.
आतून लाकूड वेगळंच बोलतं.
लाट दूर होती तरी
कानाला लागून कोणी श्वास घ्यावा तशी ऐकू येत होती.

आज अकरा आहेत. एकेकाळी मोशे बारा होते.
बाराव्यावर थोरल्या भावासोबत मी जाणार होतो,
त्या पहाटे पोट दुखतंय म्हणालो.
दुखत नव्हतं.
तिच्यावर अक्षरं माझीच होती, ठळक, पिवळी,
किनाऱ्यावरून बराच वेळ वाचता आली.

चार अक्षरं लिहून झाली, रंगही सुकला,
मी पडूनच होतो.
एकुआनं वरून हाक मारली, झोपलास काय रे?
नाही म्हणालो.
तिनं वीस सेडी मोजले,
वर पानात गुंडाळलेला धुरवलेला मासा दिला.
तो मी बरेच दिवस खाल्ला नाही,
मग मांजरानं खाल्ला.

बुधवारी वल्ह्याला पाचच जण आले.
शुक्रवारी सात, त्यात अटाचा नातू,
आजोबांना न सांगता.
बंदराचा कारकून होडीभोवती एक फेरी मारतो,
चष्मा पुसतो,
वहीत लिहितो, निनावी.

मी रोज काहीतरी निमित्त काढून तिथंच असतो.
उजाडता उजाडता ती वाळूला घासते
आणि तिच्यातून माणसं बाहेर पडतात,
खारट, ओली,
एकमेकांना शिव्या देत.